न्हाईचं नाही

आमच्या भागात ‘बँड’, ‘स्टुडिओ’ आणि ‘अल्बम’ हे तिन्ही शब्द लग्नाचे आहेत. बँड वरातीपुढे वाजतो, स्टुडिओत फोटोग्राफर बसतो आणि अल्बम लग्नानंतर येईल त्या पाहुण्याच्या मांडीवर ठेवायचा असतो. त्यामुळे मी रहिमतपूरला घरी फोन करून “आमच्या बँडचा स्टुडिओ अल्बम करतोय” असं सांगितलं, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, “पोरगी कुठली हाय?” तिची काही चूक नव्हती. मुलगा चौतीस वर्षांचा, कराडजवळ मलकापुरात भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा, ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारा. असल्या मुलाच्या तोंडून एका वाक्यात हे तिन्ही शब्द आले तर कुठलीही आई पाण्यात घातलेले देव बाहेर काढेल.

मी तिला समजावलं की आम्ही चौघं मिळून रॉकची गाणी करतो, त्यातली आठ गाणी एकत्र काढायची, त्याला अल्बम म्हणतात.

“आन् फोटू?”

“फोटो नसतात त्यात.”

“फोटू न्हाईत तर अल्बम कसला रं?” असं म्हणून तिने फोन वडिलांच्या हातात दिला. वडील सैन्यातून रिटायर होऊन ऊस बघतात. त्यांनी ‘रॉक म्हंजी काय’ एवढंच विचारलं. जरा मोठ्याने वाजवायचं असतं, असं मी म्हणालो. “मग वाजवा की, कोन नगं म्हनतंय,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. कलावंताला घरून विरोध व्हावा लागतो असं मी वाचलं होतं. माझ्या वाट्याला तोही आला नाही.

त्यातून आमचं रॉक साधं नव्हतं, अल्टरनेटिव्ह होतं. या शब्दाला मराठीत काय म्हणावं यावर मी, मराठीचा मास्तर असल्याने, बराच काळ डोकं खाजवलं. ‘पर्यायी’ हा एकच शब्द सुचत होता. तेव्हा मलकापूरपाशी हायवेचं काम चाललं होतं आणि जिथे तिथे ‘पर्यायी मार्ग’ अशा पाट्या लावल्या होत्या. त्या बाणाच्या दिशेने गेलेला माणूस धूळ खाऊन अर्ध्या तासाने पुन्हा त्याच पाटीपाशी येत असे. मी भाषांतराचा नाद सोडला. आज वाटतं, शब्द अगदी बरोबर होता.

बँडमध्ये आम्ही चौघं. ड्रम वाजवणारा कराडचा, त्याचा हात लग्नाच्या बँडमध्ये ताशा बडवून बसलेला. बेस गिटार वाजवणारी मुलगी सांगलीत औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. तिला डॉक्टरांची अक्षरं वाचायची सवय असल्यामुळे माझ्या हस्ताक्षरातली गाणी फक्त तिलाच लागायची. मी गाणी लिहायचो आणि गिटार धरायचो. वाजवायचो असं म्हणत नाही, कारण ही मंडळी हे वाचतील. आणि चौथा गायक. अल्बम त्याच्या गळ्यावरच उभा राहणार होता.

तो माझा जुना विद्यार्थी. आटपाडीच्या पलीकडे, माळावरच्या एका वस्तीवरचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडं डाळिंबही. मामाकडे राहून बारावी झाला आणि विट्याच्या बाजूला एका दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायला लागला. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा आणि माझ्या आठवणीत त्याने दोन वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. पण एका गॅदरिंगला लाइट गेली, माईक बंद पडला, आणि हा गडी स्टेजवर उभा होता. तो थांबलाच नाही. मागच्या कंपाउंडला टेकलेल्या पोरांपर्यंत शब्द न् शब्द गेला. मेंढरांना हाळी देऊन देऊन तयार झालेला तो गळा होता. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून त्यात कुणी काही बिघडवलेलंही नव्हतं. ते काम माझ्यासाठी राहिलं होतं.

त्याच्या घरी गाण्यावरून कुरबुर होती. वडिलांचं म्हणणं, भरतीला जा, नाहीतर मेंढरांमागं चल, गाण्यानं काय पोट भरत नाही. आई मात्र त्याच्या बाजूची. तिने सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं, “माजं प्वार सांगली-साताऱ्यात गातंय.” वस्तीवरच्या बायकांनी मोबाइलवर आमच्या कार्यक्रमाचा एक व्हिडिओ बघितला होता. त्यात ड्रम ऐकू येत होते आणि माझा डावा खांदा दिसत होता. तेव्हापासून शेजारीण येता-जाता विचारायची, “गातंय का नुस्तं उबं ऱ्हातंय?” मी अल्बमचं काढलं तेव्हा बाकीच्या दोघांनी शंभर शंका काढल्या. याने एकच वाक्य म्हटलं.

“सर, आयला ऐकवायचं हाय. तिनं सगळ्यास्नी सांगून ठेवलंय, आता ती खोटी पडाय नगं.”

एवढीच त्याची मागणी. माझी मागणी मोठी होती. मला पुण्याला ऐकवायचं होतं.

त्याला कारण घडलं होतं. साताऱ्याच्या एका कार्यक्रमाला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. ते इंटरनेटवर नव्या संगीताबद्दल लिहितात आणि त्यांचं लिहिलेलं लोक वाचतात. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आमच्या गायकाचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “काय मातीतला आवाज आहे! तुम्ही हे गिटारबिटार कमी करा. ढोल आणा, याच्या खांद्यावर घोंगडं टाका. फोकला सध्या फार मागणी आहे.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही तीन वर्षं घासून शिकलो होतो, आमच्या गाण्यांत मोबाइलचे टॉवर होते, एमपीएससीच्या अभ्यासिका होत्या, रिकामे माळ होते, आणि या माणसाला घोंगडंच दिसलं. हे असं का होतं, याचा मी कराडपर्यंत गाडीवर विचार केला आणि मला उत्तर सापडलं. दोष आमच्या संगीतात नव्हता, उच्चारात होता. हा ‘न्हाई’ म्हणतो, ‘कवा’ म्हणतो, ‘हाय’ म्हणतो, म्हणून ऐकणाऱ्याला लगेच शेण-माती दिसते. तेवढं काढलं की आपण रॉक.

आता लिहिताना हा विचार मूर्खपणाचा वाटतो. तेव्हा तो मला फार मूलगामी वाटला होता.

रेकॉर्डिंग माधवनगरला होतं. एका जुन्या यंत्रमागाच्या शेडचा निम्मा भाग भाड्याने घेऊन एका माणसाने स्टुडिओ काढला होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला आतून गादी मारलेली. त्याचा मुख्य धंदा निवडणुकीच्या गाण्यांचा आणि रिक्षावरून फिरवायच्या जाहिरातींचा. त्यामुळे तो चहा सांगतानाही “चार कप चहाऽऽ, आजच, आत्ताच!” अशा चालीत सांगायचा. शेडच्या उरलेल्या निम्म्या भागात माग चालू होते आणि त्यांच्या खडखडाटापुढे आमचा ड्रमवाला म्हणजे किस झाड की पत्ती. म्हणून माग बंद असतील त्या सुट्टीच्याच दिवशी आम्ही जायचो. आठवड्याला एक दिवस, एका दिवशी एक गाणं, असा आमचा अल्बम दोन महिने चालला.

पहिलं गाणं मी लिहिलेलं ‘कोणी नाही’. माळावर एक माणूस उभा आहे, हाक मारतो आहे, आणि कोणी नाही. त्याचं ध्रुवपद सगळ्यात वरच्या सुरात जातं. पहिला टेक सुरू झाला. गायकाने डोळे उघडे ठेवून, समोरच्या अंड्यांच्या ट्रेकडे बघत, ते उचललं.

“माळाला कोन न्हाऽऽऽऽई.”

‘न्हा’वर त्याचा आवाज उघडला आणि उघडाच राहिला. शेवटची ‘ई’ त्याने नुसती टेकवली आणि सोडून दिली. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. बेसवाली वाजवायची थांबली, आणि आपण थांबलोय हेही तिला कळलं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. हे मी कबूल करतो, कारण त्यानंतर मी काय केलं ते अंगावर काटा आलेल्या माणसाने केलं, हे कळायला हवं.

मी टेक थांबवला. “सुंदर,” मी म्हणालो. “फक्त ते ‘न्हाई’ नको. ‘नाही’. आणि ‘माळाला’ नव्हे, ‘माळावरती’. ‘कोन’ नव्हे, ‘कोणी’. णचा ण येऊ दे.”

“बरं सर,” तो म्हणाला.

तिथून आमची ‘ही’ची लढाई सुरू झाली. ज्यांनी वरच्या सुरात ‘नाही’ म्हणून बघितलेलं नाही त्यांना यातली अडचण कळणार नाही. ‘न्हाई’त तो ‘ह’ आधीच, बोलता बोलता निघून जातो आणि पुढे मोकळं रान मिळतं. ‘नाही’त तो शेवटी दार अडवून उभा असतो. वरच्या सुरावर ती ‘ही’ ताणायची म्हटली की दात दिसतात, आणि स्पीकरमधून ऐकलं तर कुणीतरी खिंकाळतंय किंवा दात काढतंय असं वाटतं. माळावर एकटा माणूस उभा आहे, त्याचं कोणी नाही, आणि तो ‘हीऽऽ’ करून हसतोय. ड्रमवाल्याला हसू आवरेना. मी त्याला बाहेर पाठवला.

“सर,” गायक म्हणाला, “ह्यो ‘ही’ माज्या तोंडात बसंना.”

“सवयीने बसेल.”

“न्हाई बसला तर?”

“नाही बसला तर,” मी म्हणालो. म्हणजे मी त्याला उत्तर देत नव्हतो, दुरुस्त करत होतो. तो परत माईकपुढे उभा राहिला. त्या दिवशी आम्ही सव्वीस टेक घेतले. सव्विसाव्याला ‘ही’ बसली. तिच्यात हसू राहिलं नव्हतं आणि दुसरंही काही राहिलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या.

रेकॉर्डिस्ट हळूच मला म्हणाला, “सर, पयला टेक लय भारी हुता बगा. काय काय माणसं ‘मतदान करा’ म्हनत्यात आन् आपून उठून मत द्यायला जावं वाटतं, तसा आवाज हाय गड्याचा.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला असलं ऐकू येत नाही. मी त्याला अल्टरनेटिव्ह संगीतात स्पष्ट उच्चारांचं महत्त्व काय असतं ते समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि चहा सांगितला, आजच, आत्ताच.

पुढच्या गाण्यांत मी आणखी कडक झालो. घरून येताना मी शब्दांची यादी करून आणायचो. कवाचं केव्हा, तवाचं तेव्हा, आमीचं आम्ही. गायक दूध केंद्रावर फॅट तपासता तपासता ती यादी पाठ करायचा. तिथला एक गवळी त्याला म्हणे विचारू लागला, “काय रं, सायब झालास व्हय? आम्ही-तुम्ही कराय लागलास.” हे त्याने आम्हाला हसत सांगितलं आणि आम्हीही हसलो. त्याचा स्वभावच तसा होता, सगळं हसत सांगायचा. त्यामुळे कुठलं खरं लागलं आणि कुठलं नाही ते समजायचं नाही. निदान मला समजायचं नाही.

पाचव्या की सहाव्या गाण्याच्या दिवशी एक प्रकार घडला. मी आत माईकपुढे उभा राहून गायकाला एक ओळ कशी म्हणायची ते दाखवत होतो, तेवढ्यात वडिलांचा फोन आला. मी तिथेच उचलला.

“व्हय दादा. न्हाई, जेवलो न्हाई अजून. कवा? बरं, येतो की. आयला म्हनावं काळजी करू नगं.”

फोन ठेवून वर बघितलं तर काचेपलीकडे सगळेच माझ्याकडे बघत होते. माईक चालू होता. रेकॉर्डिस्टने बटण दाबून मला विचारलं, “सर, ह्ये गान्यात घ्यायचं का? झ्याक आलंय.” बेसवाली हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. फक्त गायक हसला नाही. तो माझ्याकडे अशा तोंडाने बघत होता की जणू मी त्याच्या वस्तीवरचा निघालो.

“सर, तुमी घरी आसंच बोलता?”

“घरी बोलतो. घरचं घरी.”

“मग मी बी आयसाठीच गातोय की.”

मी चिडलो. मला राग लवकर येतो आणि आपलं चुकत असलं की आणखी लवकर येतो. मी त्याला म्हणालो की पाचवीत साताऱ्याच्या शाळेत गेलो तेव्हा ‘मला येत न्हाई’ म्हटल्यावर सगळा वर्ग माझ्यावर हसला होता, बाईंनी मला तो शब्द वहीभर लिहायला लावला होता, आणि त्या वहीमुळे मी आज मास्तर आहे. तुझ्यावर कुणी हसू नये म्हणून चाललंय हे. बोलताना मला ते खरंच वाटत होतं. आता वाटतं, बाईंनी निदान माझ्या एकट्याच्या वहीवर भागवलं होतं.

तो म्हणाला, “बरं सर. नाही.” आणि ‘नाही’ अगदी स्वच्छ म्हणाला.

शेवटचं गाणं झालं त्या दिवशी मी कोपऱ्यात बसून गाण्यांचे शब्द छापायला देण्यासाठी ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो. रेकॉर्डिस्टने विचारलं, “सर, निवडणुकीचं काम आलंय, हार्ड डिस्कवर जागा न्हाई. जुनं टेक ठिवू का उडवू?” मी मान वर न करता म्हणालो, “फायनल सोडून सगळं उडवा.” त्याने दोनदा विचारलं. मीही दोनदा सांगितलं. गायक बाहेर पायरीवर बसून चहा पीत होता.

अल्बम इंटरनेटवर आला. घोडं गंगेत न्हालं. पुण्याच्या गृहस्थांनी ऐकला आणि चार ओळी लिहिल्या, त्यातली एक अशी होती की ‘उच्चार अत्यंत स्वच्छ आहेत’. ती ओळ मी इतक्या जणांना पाठवली की कॉलेजच्या शिपायानेही माझं अभिनंदन केलं. गाण्यांबद्दल त्यांनी फारसं लिहिलं नव्हतं, पण ते माझ्या लक्षात यायला आणखी काही दिवस गेले. खाली कुणीतरी विचारलं होतं, ‘गायक पुण्याचा आहे का?’ मी ते गायकाला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं.

“पुन्याला एकदाच गेलोय सर,” तो म्हणाला, “भरतीला. छाती भरली न्हाई म्हनून परत पाठवलं.”

मग त्याने वस्तीवर जायचा दिवस ठरवला. तुम्हीही चला म्हणाला, आईने सरांना घेऊनच ये म्हणून सांगितलंय. मी लगेच तयार झालो. मला वाटलं, सत्कार वगैरे असेल. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

आम्ही दुपारी त्याच्या मोटारसायकलवरून पोचलो. वडील मेंढरं घेऊन लांब गेले होते. अंगण सारवलेलं होतं, लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकलेली होती, आणि तिच्यावर सहा-सात बायका आधीच येऊन बसल्या होत्या. ती शेजारीणही होती, सगळ्यात पुढे. गायकाची आई ठेंगणी, उन्हाने काळी पडलेली, आवाज मात्र पोरासारखाच मोठा. “या की मास्तर, बसा,” म्हणून तिने मला खुर्ची दिली आणि आपण खाली बसली. मला चहा दिला, बायकांना दिला, शेजारणीला जरा मुद्दाम आधी दिला. मग ती पोराला म्हणाली, “लाव आता. ह्यास्नी कामं हायत.”

त्याने छोटा स्पीकर पायरीवर ठेवला, मोबाइलला जोडला आणि ‘कोणी नाही’ लावलं.

गाणं चार मिनिटांचं आहे. बायका अगदी शांत बसून ऐकत होत्या. आई आधी स्पीकरकडे बघत होती. ध्रुवपद आलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा स्पीकरकडे, आणि परत माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. मला वाटलं, पोराला इथवर आणल्याबद्दल असेल. मी नम्रपणे खाली बघितलं.

गाणं संपलं.

“ग्वाड हाय वो मास्तर तुमचा गळा,” ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. “माझा?”

“तुमचाच न्हवं? मी आयकल्या आयकल्या वळखला. आता हितं बोलला की तुमी, त्येच बोलनं.”

“नाही, नाही,” मी घाईघाईने म्हणालो. “मी नाही.”

बायका एकदम हसल्या. शेजारणीने टाळीच दिली बाजूच्या बाईला. “आवं, ह्येच की! आसंच म्हनलंय त्यात. नाहीऽऽ, नाहीऽऽ!” तिने ‘ही’ ताणून दाखवली, आणि माधवनगरच्या सव्वीस टेकमध्ये जमली नव्हती इतकी हुबेहूब दाखवली. मी समजावून सांगायला तोंड उघडलं. पण काहीही सांगायचं तर सुरुवात त्याच शब्दाने करावी लागणार होती. मी तोंड मिटलं. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, पाचवीच्या वर्गातसुद्धा नाही.

“आये, मीच गायलोय त्ये,” गायक म्हणाला.

“गप रं,” ती हसत म्हणाली. “चेष्टा करतंय. डोंगराच्या पल्याड हाळी दिलीस तरी मला कळतंय, माजं लेकरू कंचं त्ये. मला शिकवतंय.” मग तिने पदर सारखा केला, शेजारणीकडे एकदा बघून घेतलं आणि सतरंजीवर नीट मांडी घालून बसली. “मास्तरांचं झालं. लय चांगलं झालं. आता तुजं लाव.”

त्याने मोबाइल उचलला. त्यात आठ गाणी होती आणि आठही त्यानेच गायलेली होती. त्याने अंगठ्याने यादी खाली नेली, वर आणली, पुन्हा खाली नेली. मी खुर्चीत बसून त्याचा अंगठा बघत होतो. बायका वाट बघत होत्या.

“आये,” तो शेवटी म्हणाला, “माजं न्हाई ह्यात.”